युनियनची पावती म्हणजे मंडळाचं कार्ड नव्हे

आमच्याकडे साइटवरचे सुतार कित्येक वर्षं एकच सांगत आलेत, युनियनची पावती फाडली की सरकारी योजना आपोआप चालू. परवा एका मिस्त्रीने पाकिटातून घडी घातलेली, भुश्याने पिवळी पडलेली पावती काढून दाखवली, म्हणे हेच कार्ड! अहो दादा, नाही हो. युनियन वेगळी, महाराष्ट्राचं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ वेगळं. मंडळात नोंदणी स्वतःच्या नावाने करावी लागते, वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा, तो ठेकेदार देतो, नाहीतर गावात ग्रामसेवक. युनियनचा मेंबर नसलात तरी चालतं.

आणि हो, मंडळाच्या योजनांतून मिळणारा पैसा कोणी उपकार म्हणून देत नाही, बांधकामाच्या खर्चावर बिल्डरकडून १ टक्का उपकर घेतात त्यातलाच तो, मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघाती मृत्यूची मदत वगैरे त्यातूनच. सेंट्रिंगवाले (स्लॅबचा साचा उभारणारे), चौकटी-दारं बसवणारे मंडळाच्या नोंदणीत येतात, नुसतं दुकानात फर्निचर बनवणाऱ्याचं मात्र अडतं.

मग युनियन कशाला? ठेकेदाराने मजुरी बुडवली की मंडळ भांडायला येत नाही, तिथे चारजण सोबत लागतात.