धरलेलं सोनं सोडवायचं कसं? सायनाइड आणि सॉल्व्हंटची पार्श्वभूमी

लातूरच्या एमआयडीसीत ‘सॉल्व्हंट’ म्हटलं की सोयाबीनच डोळ्यांपुढे येतं. हेक्झेन सोयाबीनच्या फ्लेक्समधून तेल ओढून घेतं, मग तापवून हेक्झेन उडवायचं की तेल हाती लागतं. सोन्याच्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनमध्ये ही सोय नाही. तिथे सोनं सायनाइडच्या पाण्यातून केरोसीनसारख्या तेलकट थरात येतं आणि तिथून पुन्हा दुसऱ्या पाण्यात उतरवावं लागतं. या पद्धतीचा बहुतेक इतिहास त्या उतरवण्यातच अडकलेला आहे.

मराठवाड्याच्या काळ्या बेसॉल्टमध्ये सोन्याच्या शिरा नाहीत. मात्र १९५६पर्यंत मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्याच्या रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण होती. आपल्याकडे सोनं वेचण्याची ओळखीची रीत म्हणजे झारेकऱ्याची: सराफाच्या दुकानातली झाडलोट धुवायची आणि उरलेले कण पाऱ्यात धरायचे. खडकात टनामागे चार-पाच ग्रॅम सोनं असेल आणि कण डोळ्यांना दिसणारही नसतील, तर पारा पुरा पडत नाही.

ती अडचण ग्लासगोत सुटली. जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७मध्ये सायनाइडच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. दळलेला खडक सायनाइडच्या पातळ द्रावणात ढवळायचा आणि हवा सोडत राहायची. ऑक्सिजनशिवाय सोनं विरघळत नाही. सोबत चुना घालून पीएच १० ते ११ ठेवायचा. पीएच ९च्या आसपास उतरला तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटू लागतो, त्यामुळे सायनाइडजवळ आम्ल आणायचंच नाही. हा एक नियम पुढच्या सगळ्या गोष्टीला आडवा येतो.

विरघळलेलं सोनं परत मिळवायला आधी जस्त वापरलं. मेरिल याने जस्ताची भुकटी आणली, क्रो याने निर्वाताखाली द्रावणातला ऑक्सिजन काढला, कारण ऑक्सिजन राहिला तर जस्त वाया जातं. द्रावणही नितळ लागतं. गाळणं अवघड असलेल्या खनिजांना ही पद्धत परवडेना, आणि १९७३मध्ये अमेरिकेच्या होमस्टेक खाणीत सोनं पृष्ठभागावर धरून ठेवणारा सक्रिय कोळसा थेट चिखलातच टाकायला सुरुवात झाली. कोळसा नंतर चाळून काढता येतो.

याच सुमारास तांब्याने सॉल्व्हंटची वाट मोठी केली होती. ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीत १९६८मध्ये केरोसीनमध्ये मिसळून तांबं पकडणारं एलआयएक्स जातीचं रसायन कामाला लागलं. मग सोन्यालाही हेच का नको?

धरण्यात अडचण नव्हतीच. सोन्याच्या सायनाइड आयनावर एकच ऋण भार असतो आणि पाणी त्याला घट्ट धरत नाही, म्हणून तो तेलकट थरात सहज जातो. तांब्याच्या आयनावर बहुधा दोन भार, लोखंडाच्या फेरोसायनाइडवर चार; ते मागे राहतात. सोनं पकडायला केरोसीनमध्ये अमाइन, म्हणजे नायट्रोजनयुक्त सेंद्रिय रसायन, मिसळतात. त्यातल्या क्वाटर्नरी अमाइनवर कायमचा धन भार असल्याने ते कोणत्याही पीएचला सोनं पकडतं आणि नेमकं म्हणूनच सोडत नाही. थायोसायनेटसारखा दुसरा आयन रेटून घालावा लागतो आणि तो पुन्हा काढत बसावं लागतं. साधं अमाइन सोडायला तयार असतं, पण सोनं धरण्याआधी त्याला प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) लागतो आणि चुन्याच्या पाण्यात प्रोटॉन दुर्मीळ. आम्ल घालावं तर वायूची भीती.

यूटा विद्यापीठात मोइमन आणि मिलर यांनी १९८०च्या दशकात अमाइनसोबत ट्रायब्युटिल फॉस्फेटसारखी रसायनं मिसळून दाखवली. पकडीची पीएच मर्यादा वर सरकली. खरी चावी ग्वानिडीन या नायट्रोजनयुक्त रसायनाने दिली. हेन्केल कंपनीच्या एलआयएक्स ७९मधलं ग्वानिडीन इतकं तीव्र अल्कधर्मी की खाणीच्या नेहमीच्या पीएचलाही प्रोटॉन धरून ठेवतं. पुढे कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून पीएच १२च्या बराच वर नेला की प्रोटॉन सुटतो, त्याबरोबर सोनंही, आणि ते पाणी थेट इलेक्ट्रोविनिंगला, म्हणजे विजेने सोनं जमवायला, जातं. आमच्या दृष्टीने या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच.

तरीही खाणींत कोळसाच टिकला. हिशोब असा: लिटरमागे १ मिलिग्रॅम सोनं असेल तर १ घनमीटर पाण्यात १ ग्रॅम. तेवढ्या पाण्यासोबत ५० मिलिलिटर सॉल्व्हंट थेंबाथेंबाने वाहून गेलं, तर ग्रॅमभर सोन्यामागे सुमारे ४० ग्रॅम सॉल्व्हंट गमावलं. शिवाय मिक्सर-सेटलरला, म्हणजे दोन द्रव ढवळून पुन्हा वेगळे होऊ देणाऱ्या टाकीला, गाळलेलं पाणी लागतं. बारीक माती आणि जिप्सम राहिलं तर दोन थरांमध्ये क्रडचा, म्हणजे गाळ आणि दोन्ही द्रवांच्या चिकट मिश्रणाचा, जाड पट्टा साचतो, थर वेगळे व्हायला वेळ लागतो आणि सॉल्व्हंट त्यातच अडकतं. अमाइनचा क्षार केरोसीनमध्ये न मावल्यास तिसरा थरही दिसतो. त्यावर उपाय म्हणून ट्रायडेकॅनॉलसारखं अल्कोहोल मिसळतात.

त्यामुळे सॉल्व्हंटचा विचार गढूळ, मोठ्या आणि विरळ प्रवाहांसाठी न करता, नितळ, कमी आकारमानाच्या आणि सोन्याने संपन्न द्रावणांसाठी करावा. चाचणीसाठी १०० मिलिलिटर द्रावण आणि २० मिलिलिटर सॉल्व्हंट सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेलं काचेचं भांडं), वायू ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली, पाच मिनिटं हलवावं. थर किती वेळात वेगळे झाले ते घड्याळ लावून पाहावं, खालचं पाणी सोन्यासाठी तपासावं आणि वरच्या थरातलं सोनं कॉस्टिकने किती उतरतं तेही मोजावं. सोनं धरण्याचा आकडा उत्तम आणि उतरण्याचा कमी आला, तर ते सॉल्व्हंट बाजूला ठेवावं.