छत्री एक मीटरची, जेलीफिश दहा मीटरची?

पतंग केवढा, असं विचारलं तर कोणी शेपटीची लांबी सांगत नाही. माणसाची उंची मोजताना वेणी धरत नाहीत. जेलीफिशच्या बातम्यांत मात्र नेमकं हेच होतं. खोल समुद्रातल्या ‘स्टिजिओमेडुसा जायगँटिया’चा व्हिडिओ फिरू लागला की मथळा ठरलेला: दहा मीटरची, बसएवढी जेलीफिश! त्यातला आकडा खरा असतो. घोटाळा बसचा आहे.

या जेलीफिशची छत्री, म्हणजे वरचा घुमट, एक मीटरहून थोडी जास्त रुंद भरते. तिच्याखाली चार रुंद पट्ट्या लोंबतात. पडद्याचं कापड फाडून पाण्यात सोडावं तशा त्या घड्या घेत हलतात आणि दहा मीटरहूनही लांब असू शकतात. हे तिचे मुखबाहू, तोंडापासून निघालेले हात. जेलीफिश म्हटलं की आठवतात त्या छत्रीच्या काठावरच्या डंख मारणाऱ्या दोऱ्या हिला नाहीतच. रंग गडद तांबडा-तपकिरी. दिव्याच्या झोतात तो उठून दिसतो, पण सूर्याचा लाल प्रकाश त्या खोलीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे एरवी ती अंधारात अंधारच होऊन वावरते. पहिला नमुना १८९९ साली हाती लागला. त्यानंतरच्या शतकभरात दर्शनं झाली ती शंभरेकच. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे संशोधन संस्थेच्या यंत्र-पाणबुड्यांनी हजारो बुड्या मारल्या, त्यात २०२१ पर्यंत ही अवघी नऊ वेळा दिसली.

म्हणजे दहा मीटर ही लांबी आहे, आणि तीही हातांची. बस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांबीबरोबर रुंदी, उंची, सगळा भरीव ऐवज येतो. तो इथे नाहीच.

म्हणून शास्त्रज्ञ सहसा छत्रीचा व्यास सांगतात. जाळ्यात आलेल्या जेलीफिशचे हात तुटलेले असतात, छत्रीचा निदान अंदाज तरी बांधता येतो. पण छत्रीचा व्यास तरी कुठे एका जागी ठरतो! पोहताना ती मिटते आणि उघडते. मिटल्यावरचं माप धरायचं की उघडल्यावरचं? जहाजाच्या डेकवर ठेवली तर पाण्याचा आधार गेल्यामुळे स्वतःच्याच वजनाने ती थाळीसारखी पसरते. नमुने टिकवायच्या फॉर्मालिनच्या बरणीत गेली की आक्रसते. एकच प्राणी, पण समुद्रात एक माप, डेकवर दुसरं आणि संग्रहालयात तिसरं. म्हणून जुन्या नोंदीतला व्यास वाचताना तो कुठे मोजला, हे आधी शोधावं लागतं.

जिवंत असताना मोजायची आजची सोय लेझरची. यंत्र-पाणबुडीच्या कॅमेऱ्याशेजारी दोन लेझर अगदी समांतर बसवतात. किरण समांतर असल्यामुळे प्राणी जवळ असो की दूर, त्याच्यावर पडणाऱ्या दोन ठिपक्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. पडद्यावर छत्रीच्या रुंदीत ते अंतर किती वेळा बसतं ते मोजलं की झालं. निदान कागदावर तरी झालं. प्रत्यक्षात छत्री कॅमेऱ्याकडे तिरकी असते, हात मागे वळलेले असतात आणि ठिपके नेमके हव्या त्या जागी पडत नाहीत. नुसत्या डोळ्यांवर विसंबावं तर आणखी पंचाईत: सपाट काचेतून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. पाणबुडीच्या खिडकीतून पाहिलेला राक्षस मग सांगताना थोडा वाढतो, त्यात नवल नाही.

लांबीचाच मान द्यायचा तर तो दुसरीकडे जातो. सिंहाच्या आयाळीसारख्या दोऱ्यांची सायनिया ही जेलीफिश थंड समुद्रात, पृष्ठभागाजवळ राहते. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर अगासी यांनी एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मोजलेल्या सायनियाची छत्री दोन मीटरहून रुंद आणि दोऱ्या ३६ मीटरहून लांब होत्या. निळा देवमासा मोठ्यात मोठा साधारण तीस मीटरचा. तेव्हा ‘देवमाशाहून लांब’ हे वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून ‘देवमाशाहून मोठी’ म्हणायला मी तयार नाही.

वजनाचा तराजू काढला की चित्र पुन्हा पालटतं. जपानच्या आसपास आढळणारी नोमुरा जेलीफिश दोनशे किलोपर्यंत भरते. पण जेलीफिशच्या अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पाणी बाजूला काढलं तर त्या दोनशे किलोंतले दहाएक किलो उरतील, आणि त्यातही बराचसा वाटा समुद्राच्या मिठाचा. मला स्वतःला जेलीफिशच्या आकारातली खरी गंमत इथे वाटते. स्नायू आणि हाडं वाढवून मोठं व्हायला भरपूर अन्न लागतं, आणि खोल समुद्रात नेमकी त्याचीच टंचाई. जेलीफिश पाण्यालाच अंग बनवते. मूठभर ऐवजात ती केवढी तरी जागा व्यापते, आणि जेवढी जागा व्यापावी तेवढी भक्ष्य धडकण्याची शक्यता वाढते. तिच्याकडे प्राणी म्हणून पाहण्यापेक्षा पसरलेलं जाळं म्हणून पाहिलं, तर ते दहा मीटरही एकदम अर्थपूर्ण होतात. जाळं केवढं, हे वजनावरून कोण ठरवतं?

स्टिजिओमेडुसाच्या आसपास कधीकधी थॅलासोबॅथिया नावाचा एक छोटा मासा दिसतो. तो छत्रीच्या वर तरंगतो, मग त्या लांब हातांच्या घड्यांत शिरतो, दुसऱ्या बाजूने बाहेर येतो, पुन्हा आत जातो. पृष्ठभाग आणि तळ यांच्या मधल्या पाण्यात ना खडक असतो ना कपार. लपायला जागा काय ती एवढीच.