आठवी ते दहावीसाठी कृतिसंच : शिक्षकांसाठी माहितीपत्रक

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील मराठी माध्यमाच्या हायस्कूलांसाठी आम्ही वर्गात वापरण्याचे कृतिसंच तयार करतो. पुण्या-कोल्हापूरकडून येणारे साहित्य चांगले असले, तरी त्याची मांडणी महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाप्रमाणे असते. त्यामुळे आमचे संच कर्नाटकच्या पाठ्यपुस्तकांतील घटकांनुसार लावलेले आहेत. प्रत्येक कृती एका तासात उरकावी आणि प्रयोगाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा, एवढ्या दोन अटींवर आम्ही कृती निवडतो. अंदाज लिहून झालेले मूल उत्तराची वाट पाहते. न लिहिलेले मूल शेजारच्याची वही पाहते.

सर्वाधिक मागणी असलेला संच सावलीच्या काठीचा आहे. त्यात एक मीटर उंचीची काठी, जड बैठक, ओळंबा, मोजपट्टी आणि नोंदीचे तक्ते येतात. बैठक देण्याचे कारण असे की जांभ्याच्या कठीण मैदानात काठी रोवता येत नाही. ओळंबा मात्र आमच्या चुकीतून आला. पहिल्या खेपेला आम्ही तो दिलाच नव्हता. उतरत्या मैदानावर काठी कलली, गटागटांची उत्तरे जुळेनात आणि शिक्षकांना मुलांपुढे अवघडल्यासारखे झाले. तेव्हापासून गवंडी वापरतात तसा ओळंबा प्रत्येक संचात असतो.

कृती अशी आहे. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांपासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली मोजावी. ती बारा वाजता पडेल, असे बहुतेक मुले लिहितात. प्रत्यक्षात ती साडेबाराच्या आसपास पडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि बेळगाव सुमारे ७४.५ अंशांवर आहे. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे, म्हणजे बत्तीस मिनिटे, हा हिशेब मुलांनी स्वतः फळ्यावर मांडावा. दिवसागणिक त्यात काही मिनिटांचा फरक पडतो, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

त्याच सावलीवर दहावीची त्रिकोणमिती शिकवता येते. २३ सप्टेंबरच्या सुमारास एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली अंदाजे २८ सेंटिमीटर भरते. सावली भागिले उंची हे सूर्यकिरण काठीशी करतात त्या कोनाचे टॅन गुणोत्तर असल्यामुळे तक्त्यावरून कोन १६ अंशांच्या जवळपास येतो, आणि तेच बेळगावचे अक्षांश आहेत. २२ डिसेंबरला सावली ८२ सेंटिमीटरच्या आसपास जाते. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेला असतो, म्हणून तेव्हा मिळालेल्या कोनातून २३.४ वजा केले की पुन्हा तोच आकडा हाती येतो. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचे दिवस आपल्याकडे मेच्या पहिल्या आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असतात. मात्र मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते, म्हणून त्या दिवसांसाठी हा संच मागवू नये.

लंबकाचा संच लहान आहे. २५ सेंटिमीटर दोऱ्याला दहा आंदोलनांना साधारण दहा सेकंद लागतात. दोरा चौपट, म्हणजे एक मीटर, केला तर किती लागतील असे विचारल्यास वर्ग चाळीस म्हणतो. घड्याळ वीस दाखवते. पुढचे स्पष्टीकरण शिक्षकांनी द्यावे, आम्ही पत्रिकेत मुद्दाम छापलेले नाही.

आम्ल आणि अल्कली यांच्या दर्शकांसाठी मात्र आमच्याकडून काहीही विकत घेण्याची गरज नाही. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाचे पाणी टाकले की तो लाल होतो, लिंबाचा रस टाकला तर पिवळाच राहतो. नोंदीचा कागद मागितल्यास विनामूल्य देतो.

इतिहासाच्या संचात १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनावरील कार्डे आहेत. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. स्वयंसेवक, बाहेरगावचा प्रतिनिधी, गावातला दुकानदार अशा भूमिका वाटून प्रत्येकाने घरच्यांना वीस शब्दांची तार लिहायची आहे. शब्दमर्यादा सैल केल्यास निबंध हाती येतात, हा अनुभव आहे. भाषेच्या संचात तुप्प आणि तूप, अक्क आणि अक्का, अण्ण आणि अण्णा अशा कन्नड-मराठी जोड्या आहेत. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी मुले त्यात स्वतःहून भर घालतात.

दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते, म्हणून प्रत्येक विज्ञानसंचात पारिभाषिक शब्दांची मराठी, कन्नड आणि इंग्रजी यादी जोडलेली आहे. नोंदीच्या कागदांची शाळेपुरती झेरॉक्स काढण्यास आमची हरकत नाही. हरवलेले वा मोडलेले सुटे भाग वेगळे मिळतात, त्यासाठी पूर्ण संच घ्यावा लागत नाही. मागणी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या पत्राने द्यावी आणि त्यात वर्गाचा पट लिहावा. सहा मुलांमागे एक संच या हिशेबाने आम्ही नग भरतो.