बाकावरच्या उंच खेळाडूविषयीचा गैरसमज

पहिल्या तीन-चार हंगामांत ज्या तरुण सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) मैदानावर पुरेशी मिनिटे मिळत नाहीत तो पुढे चमकत नाही, हा एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगविषयीचा जुना समज चुकीचा आहे. जर्मेन ओनील १९९६ मध्ये शाळेतून थेट पोर्टलंडच्या संघात आला. परंतु साबोनिस, रशीद वॉलेस यांच्यासारखे मुरलेले खेळाडू पुढे असल्याने चारही हंगामांत त्याची सरासरी सामन्यामागे १४ मिनिटांच्या आतच राहिली. २००० मध्ये इंडियानाने त्याला घेतले, सुमारे ३३ मिनिटे मिळताच त्याने १२.९ गुण आणि ९.८ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) अशी सरासरी गाठली आणि २००२ पासून सलग सहा वर्षे तो ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडलेला खेळाडू, ठरला. मिनिटांवरून मुख्यतः संघाची गरज कळते. खेळाडूची वाढ जोखायची असेल, तर पिक-अँड-रोल (एक खेळाडू बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे धावतो ती चाल) अडवताना तो वेळेवर मागे सरकतो का आणि त्याचे नाहक फाउल कमी होत आहेत का, हे बारकाईने पाहावे.