राखीव पाच टक्के

वाळूज-चिकलठाण्याच्या शेडमध्ये जुन्या लेथला साधा पीसी जोडून लिनक्ससीएनसी (मशीन चालवणारा प्रोग्राम) चालवायचं म्हटलं, की पहिली चौकशी जिटरची, म्हणजे वेळ किती मागेपुढे होते याची. मोटरींना हुकूम देणारा सर्वो थ्रेड साधारणपणे दर मिलिसेकंदाला उठतो. उशीर झाला की तो थेट जॉबवर दिसतो.

लिनक्स मुळात यासाठी बनलेलंच नव्हतं. फिफो (आधी आलेलं आधी), राउंड रॉबिन (आळीपाळीने) ही धोरणं आणि 1 ते 99 प्रायॉरिटी होत्या, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच्या कामात गुंतला की 99 वाल्यालाही ताटकळावं लागे. त्यावरचा रिअल-टाइम पॅच, म्हणजे काम ठरल्या वेळेत होण्यासाठीचा जोड-कोड, 2004-05 पासून मुख्य कर्नलबाहेर वाढला. बारीक वेळ मोजणारे हाय-रिझोल्यूशन टायमर (2006-07), अडवून बसलेल्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी देणारं प्रायॉरिटी इनहेरिटन्स (2006), उपकरणांच्या हाका वेगळ्या थ्रेडमध्ये हाताळणारे इंटरप्ट (2009) असे त्याचे तुकडे हळूहळू आत गेले.

खरा वाद 2008 च्या 2.6.25 आवृत्तीतल्या थ्रॉटलिंगचा, म्हणजे रिअल-टाइम कामांना घातलेल्या लगामाचा. दर सेकंदाला रिअल-टाइम कामांनी मिळून 950 मिलिसेकंदच खायचे, उरलेले 50 बाकीच्यांचे. कारण रास्त होतं: फिफोचं काम लूपमध्ये अडकलं तर कीबोर्डही ऐकत नसे, सरळ बटण दाबून मशीन बंद करावं लागे. पण पॉझिक्स या मानकाप्रमाणे फिफोचं काम स्वतः थांबेपर्यंत किंवा वरच्या प्रायॉरिटीचं येईपर्यंत चालायला हवं. तो शब्द डीफॉल्टमध्येच मोडला.

त्याहून खटकणारी गोष्ट वेगळी. जायकवाडीच्या कालव्यावर टेलसाठी, म्हणजे शेवटच्या टोकासाठी, पाणी राखणं योग्यच. इथे टेलला कुणी नसतानाही वरची दारं बंद होत. रांगेत एकही साधं काम नसलं तरी प्रोसेसरचा कोअर 50 मिलिसेकंद रिकामा बसे. सर्वो थ्रेड एवढं खात नाही, त्याला झळ क्वचितच. मार बसला तो कोअर अडवून सतत पोलिंग करणाऱ्या, म्हणजे न थांबता 'काही आलं का' बघत राहणाऱ्या, प्रोग्रामना. लॉगमध्ये 'आरटी थ्रॉटलिंग अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसलं, की लोक सेटिंगमध्ये -1 लिहून, म्हणजे मर्यादाच काढून, मोकळे. म्हणजे राखणही गेली.

2014 मध्ये 3.14 सोबत डेडलाइन धोरण आलं. सिद्धांत 1973 चा. काम किती वेळ खाणार आणि कधीपर्यंत संपायला हवं हे आधी सांगायचं, मावत नसेल तर कर्नल दारातच नकार देतो. याच यंत्रणेवर 2024 च्या 6.12 मध्ये साध्या कामांसाठी वेळ राखणारा 'सर्व्हर' बसवला. सेकंदाला 50 मिलिसेकंद तेच, पण साधं काम खरोखर उपाशी राहत असेल तरच. जे 2008 लाच हवं होतं, ते सोळा वर्षांनी मिळालं.

त्याच 6.12 मध्ये बाहेरचा पॅचही एक्स86, 64-बिट आर्म आणि रिस्क-व्हीसाठी मुख्य कर्नलमध्ये आला. शेवटपर्यंत अडून बसलं होतं ते कन्सोलवर संदेश छापणारं प्रिंटके. रिअल-टाइमचा पर्याय कंपाइल करतानाच निवडावा लागतो. पॅच लावायची कटकट तेवढी गेली.