अक्वायर (बोर्ड गेम)

अक्वायर हा हॉटेल कंपन्या उभ्या करणं, त्यांचे शेअर्स घेणं आणि कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या की त्यातून पैसा काढणं यावर बेतलेला अमेरिकन बोर्ड गेम आहे. सिड सॅक्सन (१९२०–२००२) यांनी तो बनवला आणि ३एम या कंपनीने १९६० च्या दशकात बाजारात आणला. फासे नाहीत, कुणाला जेलमध्ये पाठवणं नाही, डाव संपेपर्यंत कुणी बाद होऊन नुसतं बघत बसत नाही, म्हणून घरात मुलं आणि मोठी माणसं एकत्र बसून खेळायला तो चांगला चालतो. साधारण तास-दीड तासात डाव संपतो. शेअर बाजारावरचे खेळ त्याआधीही होते. धान्याच्या सौद्यांचा आरडाओरडा करत खेळायचा पत्त्यांचा पिट १९०४ चा, आणि फाशांवर भाव वरखाली करणारा कॅनडातला स्टॉक टिकर १९३७ चा. पण भाव नशिबावर न सोडता पटावर जे घडतं त्यातूनच ठरवणं हे अक्वायरचं खरं वेगळेपण.

प्रकाशनाचं वर्ष नेमकं कुठलं यावर एकमत नाही. बहुतेक याद्यांमध्ये १९६४ दिलेलं असतं, काही ठिकाणी १९६२ किंवा १९६३ सापडतं. याचं कारण बहुधा असं की ३एमने आधी थोड्या प्रती चाचणीसाठी विकल्या, त्या सुरुवातीच्या आवृत्तीच्या पटावर जगाचा नकाशा होता, आणि मग पुस्तकासारख्या दिसणाऱ्या, कपाटात उभ्या ठेवता येणाऱ्या खोक्यांच्या ‘बुकशेल्फ’ मालिकेत खेळ सगळीकडे पोचला. त्यामुळे चाचणीची आवृत्ती १९६२–६३ आणि सर्वत्र विक्री १९६४ असं धरलं तर सगळ्या तारखा जुळतात, आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे.

कल्पना कुठून आली हा त्याहून रंगतदार प्रश्न. हॉटेलं आणि कागदी नोटा बघून बरेच जण सरळ मोनोपॉलीशी नातं जोडतात, पण ते नातं वरवरचं वाटतं. इथे पटावर फिरणारी सोंगटी नाही, भाडं नाही, एखादी जागा एकट्याच्या मालकीची होत नाही. सॅक्सन यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे मूळ आहे लहानपणी लोट्टोच्या (आकडे काढून खेळायच्या हाउजीसारख्या खेळाच्या) सामानातून त्यांनी रचलेल्या एका युद्धाच्या खेळात. त्यात आकडे निघत तसे पटावर सैन्याचे गट वाढायचे आणि मोठा गट शेजारच्या लहान गटाला गिळायचा. आजच्या नियमांत त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात: चौकोनाचा पत्ता छापलेली टाइल आंधळेपणाने उचलायची, ती त्याच चौकोनात ठेवायची, आणि दोन गट भिडले की मोठा टिकतो. सैन्याच्या जागी हॉटेलं आली आणि गटाची मालकी एकाकडून काढून शेअर्समध्ये वाटली, एवढ्या दोन बदलांनी युद्धाचा गुंतवणुकीचा खेळ झाला. यातला दुसरा बदल फार महत्त्वाचा आहे, कारण आता हरणाऱ्या ‘सैन्यात’ आपलाच पैसा लावलेला असू शकतो आणि ते हरावं म्हणून आपणच धडपडत असतो.

जुना पट ९ × १२ चौकोनांचा, म्हणजे १०८ टाइल्स, त्यांच्यावर १ ते १२ आकडे आणि ए ते आय अक्षरं. प्रत्येकाला सुरुवातीला ६,००० डॉलर आणि हातात सहा टाइल्स. पाळी आली की एक टाइल ठेवायची, हवे असतील तर जास्तीत जास्त तीन शेअर्स घ्यायचे, नवी टाइल उचलायची, बस्स. दोन सुट्या टाइल्स चिकटल्या की कंपनी सुरू होते आणि सुरू करणाऱ्याला एक शेअर फुकट. कंपन्या सात: लक्झर आणि टॉवर स्वस्त, अमेरिकन, वर्ल्डवाइड आणि फेस्टिव्हल मधल्या, इम्पीरियल आणि कॉन्टिनेंटल महाग. प्रत्येकीचे शेअर्स २५ च, म्हणून १३ हातात आले की त्या कंपनीत सर्वात जास्त शेअर्स असण्याची पहिली जागा कुणी हिसकावू शकत नाही. भाव कंपनीच्या आकारावर ठरतो. स्वस्त कंपनी दोन टाइल्सची असताना शेअर २०० ला मिळतो, ४१ टाइल्स झाल्या की १,००० ला, आणि मधल्या व महाग गटात प्रत्येक पायरीला अनुक्रमे १०० आणि २०० जास्त.

आता पैशाचं बघा. शेअर मधेच मनात आलं म्हणून विकता येत नाही, आणि नियमांत खेळाडूंनी आपापसात देवाणघेवाण करायचीही सोय नाही. दोन टाइल्सच्या इम्पीरियलचे तीन शेअर्स घेतले की १,२०० गेले, असं पाच वेळा केलं की खिसा रिकामा. पुन्हा पैसा येणार तो कुठल्या तरी विलीनीकरणातूनच, आणि तेही बुडणाऱ्या, म्हणजे मोठीत मिसळून जाणाऱ्या कंपनीचे शेअर्स आपल्याकडे असतील तरच. नवखा माणूस सगळ्यात मोठ्या कंपनीत सगळं ओततो आणि मग अर्धा डाव हात बांधून बसतो. कागदावर श्रीमंत पण रोख नाही ही अवस्था इतक्या नेमकेपणाने दाखवणारा घरगुती खेळ दुसरा क्वचितच असेल.

विलीनीकरण कसं होतं ते एका उदाहरणात पाहू. टॉवर पाच टाइल्सची आहे, भाव ५००. इम्पीरियल सात टाइल्सची. कुणीतरी मधली टाइल ठेवली, दोन्ही जोडल्या गेल्या, टॉवर बुडाली. टॉवरचे सर्वात जास्त शेअर्स असणाऱ्याला भावाच्या दहापट म्हणजे ५,००० बोनस, दुसऱ्याला पाचपट म्हणजे २,५००, तिसऱ्याला बोनस काहीच नाही. पहिल्या जागेसाठी दोघांची बरोबरी झाली तर दोन्ही बोनस एकत्र करून अर्धे, म्हणजे ३,७५० प्रत्येकी. शेअर्स एकाच खेळाडूकडे असतील तर दोन्ही बोनस त्यालाच. मग ज्याने टाइल ठेवली त्याच्यापासून सुरू करून प्रत्येकाने ठरवायचं, टॉवरचे शेअर्स ५०० ने विकायचे, दोनाला एक या हिशोबाने इम्पीरियलचे घ्यायचे, की टॉवर पुन्हा उभी राहील म्हणून तसेच ठेवायचे. नवी इम्पीरियल सात अधिक पाच अधिक मधली एक अशी १३ टाइल्सची, भाव ९००. म्हणजे दोन शेअर्स विकून १,००० रोख मिळतात आणि बदलून ९०० चा एक शेअर. आज शंभराचा तोटा दिसतो, पण इम्पीरियलचा शेअर शेवटी १,२०० पर्यंत जाऊ शकतो आणि तिच्यातली आपली जागाही वर सरकते. बदलायला बँकेत इम्पीरियलचे शेअर्स शिल्लक असावे लागतात, म्हणून इथे पाळीचा क्रम कधीकधी पैशापेक्षा मोलाचा ठरतो. दोन्ही कंपन्या सारख्याच आकाराच्या असतील तर कुठली टिकेल ते टाइल ठेवणारा ठरवतो, आणि एकाच टाइलने तीन-चार कंपन्या भिडल्या तर बुडणाऱ्यांपैकी मोठीचा हिशोब आधी.

अकरा टाइल्स झाल्या की कंपनी सुरक्षित, ती बुडत नाही. दोन सुरक्षित कंपन्या जोडणारी टाइल कायमची बाद होते. सातही कंपन्या पटावर असताना आठवी सुरू करणारी टाइल मात्र तेवढ्यापुरतीच अडते. एखादी कंपनी ४१ टाइल्सची झाली किंवा पटावरच्या सगळ्या सुरक्षित झाल्या की ज्याची पाळी असेल तो डाव संपल्याचं जाहीर करू शकतो, सक्ती नाही. मग सगळ्या कंपन्यांचे बोनस वाटतात, शेअर्स विकतात, जास्त पैसा त्याचा डाव. शेअर्स उघडे ठेवायचे की झाकून यावर खेळणाऱ्यांत जुना वाद आहे. उघडे ठेवले तर हिशोबाला वेळ लागतो, झाकले तर लक्षात ठेवणाऱ्याचा फायदा. लहान मुलं खेळत असतील तर उघडेच बरे, त्यांना पहिल्या-दुसऱ्या जागेची चुरस समोर दिसते.

सॅक्सन पेशाने इंजिनिअर होते. कान्ट स्टॉप हाही त्यांचाच खेळ, आणि त्यांच्याच फोकस या खेळाला १९८१ मध्ये जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ (वर्षातला सर्वोत्तम खेळ) हा पुरस्कार मिळाला. त्यांच्या डायऱ्या आणि कागदपत्रं अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या द स्ट्राँग या खेळांच्या संग्रहालयात आहेत. ३एमने १९७६ मध्ये आपले खेळ अ‍ॅव्हलॉन हिल या खेळांच्या कंपनीला विकले, १९९८ मध्ये ती कंपनी हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत हॉटेलं जाऊन इतर कंपन्या आल्या, त्यातल्या एकीला सॅक्सन यांचंच नाव होतं. २००८ मध्ये हॉटेलं परत आली. २०१६ च्या आवृत्तीत पट १० × १० चा झाला, म्हणजे आठ टाइल्स कमी, आणि जुन्या खेळाडूंना तो फारसा रुचला नाही.