रिसेप्टर एकच, बिघाड वेगळा: फुप्फुसाची गोळी मेंदूच्या गाठीवर का चालत नाही

ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका आक्रमक कॅन्सरच्या, रिपोर्टात बऱ्याचदा ‘ईजीएफआर ॲम्प्लिफाइड’ (ईजीएफआर जनुकाच्या प्रती वाढलेल्या) अशी ओळ असते. वाडीत नाहीतर मुंबईच्या नातेवाइकांत कुणाला तरी फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ म्हणून रोज एक गोळी चालू असते. मग प्रश्न ठरलेलाच: तीच गोळी आमच्या माणसाला का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे. ईजीएफआर हा रिसेप्टर, म्हणजे पेशीबाहेरचा निरोप घेणारं प्रथिन, खरोखर तोच आहे, फक्त तो बिघडतो दुसऱ्या जागी.

ईजीएफआर हे पेशीच्या आवरणात आरपार रोवलेलं प्रथिन. अकराशे शहाऐंशी अमिनो आम्लांची ही साखळी. तिचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पेशीबाहेर, एक छोटा पदर आवरणात आणि उरलेला आत. बाहेरच्या अंगाचे चार भाग आहेत. पेशी शांत असताना दुसऱ्या भागातून निघालेला एक हात चौथ्या भागाला टेकून मुडपलेला असतो. ईजीएफ हा ५३ अमिनो आम्लांचा निरोप्या आला की तो पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या बेचक्यात बसतो. दोन्ही भाग त्याला धरायला जवळ येतात, अंग सरळ होतं, हात मोकळा होतो आणि शेजारच्या रिसेप्टरच्या तशाच हाताला भिडतो. जोडी जमली की काम सुरू. या ईजीएफचा शोध स्टॅन्ले कोहेन यांनी लावला, तो नवजात उंदरांची पिल्लं वेळेआधी डोळे उघडतात हे बघून. १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मोंतालचिनी यांच्याबरोबर मिळालं.

आत काय होतं ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. जोडीतल्या दोघांचे कायनेज भाग (फॉस्फेट चिकटवणारी यंत्रं) समोरासमोर बसत नाहीत, तिरपे बसतात. एकाचा खालचा भाग दुसऱ्याच्या वरच्या भागाला रेटतो आणि ज्याला रेटलं तो चालू होतो. तो रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतो. त्या फॉस्फेटवर येऊन बसणारी प्रथिनं निरोप पुढे नेतात: एक वाट रास, राफ आणि मेकवरून ईआरकेपर्यंत जाते आणि पेशीला विभाजन करायला लावते, दुसरी पीआय३-कायनेजवरून एकेटीपर्यंत जाते आणि पेशीला मरू देत नाही. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. कॅन्सर समजून घ्यायला मात्र पुढचा भाग जास्त उपयोगी आहे. शेपटीवर १०४५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसलं की सीबीएल नावाचं प्रथिन येतं, रिसेप्टरवर ‘मोडीत काढा’ अशी युबिक्विटिनची खूण करतं, रिसेप्टर आत ओढला जातो आणि लायसोसोम या पेशीतल्या मोडतोडीच्या कप्प्यात मोडीत निघतो. म्हणजे जो जोरात चालू होतो, तोच स्वतःला बंद करण्याची सोयही करतो.

ग्लायोब्लास्टोमात ही शिस्त तीन प्रकारे मोडते, आणि बऱ्याचदा एकाच गाठीत एकाहून जास्त प्रकार सापडतात.

सगळ्यात जास्त दिसते ती प्रतींची वाढ. सातव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाच्या दोन प्रती असायच्या, तिथे दहा, पन्नास, कधी त्याहून जास्त होतात. साधारण ४० टक्के ग्लायोब्लास्टोमांत हे आढळतं. आवरणावर रिसेप्टरांची इतकी दाटी होते की निरोप्या कमी असला किंवा नसलाच तरी जोड्या जमतात. वर या पेशी ईजीएफचे भाईबंदही स्वतःच तयार करून बाहेर सोडतात.

दुसरा प्रकार बाहेरच्या अंगावरच्या बारीक बदलांचा. १०८, २८९ आणि ५९८ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांच्या जागा वारंवार बदललेल्या दिसतात. मुडपलेलं अंग मुडपलेलं ठेवणारे सांधे नेमके याच जागांच्या आसपास आहेत. सांधा सैल झाला की ज्या निरोप्याला एरवी हा रिसेप्टर अर्धवट प्रतिसाद द्यायचा, त्यालाही पुरी दाद देतो.

तिसरा प्रकार म्हणजे ईजीएफआर-व्ही-तीन. प्रती वाढलेल्या गाठींपैकी जवळपास निम्म्यांत तो असतो. जनुकाचे दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सहा एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेले जनुकाचे तुकडे) गळून पडतात: डीएनएची एकूण ८०१ अक्षरं. ८०१ ला तीननं नेमका भाग जातो, म्हणून पुढचं वाचन बिघडत नाही. २६७ अमिनो आम्लं कमी असलेलं पण बाकी धड प्रथिन तयार होतं आणि सांध्यावर एक नवं ग्लायसिन येतं. बाहेरचा पहिला भाग जवळपास सगळा आणि दुसऱ्याचा बराचसा, त्या हातासकट, गेलेला असतो. ईजीएफ बसायला जागाच नाही, तरी हा थोटा रिसेप्टर चालू असतो, पण मंद. आणि खरी गोम इथेच आहे. मंद असल्यानं शेपटीवर फॉस्फेट कमी, सीबीएल फारसं येत नाही, रिसेप्टर मोडीत निघत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा निरोप दिवसरात्र साचत राहतो. असा रिसेप्टर असलेल्या पेशी गाठीत सगळीकडे नसतात, कुठे कुठे असतात; पण त्या इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्यं सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशींवरचे साधे ईजीएफआरही जागे होतात.

आता गोळीकडे वळू. फुप्फुसाच्या कॅन्सरात बिघाड आतल्या कायनेजमध्ये असतो: एकोणिसाव्या एक्झॉनमधला तुकडा गळतो किंवा ८५८ क्रमांकावर ल्युसिनच्या जागी आर्जिनिन येतं. गेफिटिनिब, एर्लोटिनिब ही औषधं कायनेज ‘चालू’ आकारात असताना तिच्यावर चांगली बसतात, आणि फुप्फुसातले हे बदल तिला त्याच आकारात ठेवतात. मेंदूच्या गाठीत बदल बाहेरच्या अंगावर. तिथली कायनेज निराळ्या ठेवणीत असते आणि तिच्यावर लॅपॅटिनिबसारखी, ‘बंद’ आकाराला धरणारी औषधं जास्त चांगली बसतात. मग लॅपॅटिनिबच का नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरावरचे पंप ते बाहेर फेकतात. गाठीत पुरेसं पोचत नाही. त्यात एकेटीच्या वाटेला लगाम घालणारं पीटेन हे जनुक बऱ्याच गाठींत निकामी झालेलं असतं, म्हणून वरचा रिसेप्टर बंद केला तरी एकेटीची वाट उघडीच राहते.

यावर कडी म्हणजे जास्तीच्या प्रती बहुधा गुणसूत्रावर नसतातच. त्या सुट्या गोल डीएनएवर असतात, आणि या गोलांना विभाजनाच्या वेळी सारखी वाटणी करून देणारा सेंट्रोमिअर नसतो. एका पेशीच्या वाट्याला पाच, दुसरीच्या वाट्याला पन्नास. एर्लोटिनिब दिलं की व्ही-तीनचे गोल कमी असलेल्या पेशी तगतात; औषध थांबवलं की गोल परत वाढतात. २०१४ मध्ये हे प्रयोगांत दाखवलं गेलं.

व्ही-तीनच्या त्या नव्या सांध्यावर नेम धरून केलेली रिंडोपेपिमट ही लस मोठ्या चाचणीत अपयशी ठरली. निकाल २०१७ मध्ये छापून आले. गाठ परतली तेव्हा बऱ्याच पेशंटांत व्ही-तीन नाहीसा झालेला होता, आणि तो लस न मिळालेल्या गटातही नाहीसा झालेला होता. मला यातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०२४ मध्ये तीन पेशंटांवर झालेल्या कार-टी (प्रयोगशाळेत बदल केलेल्या प्रतिकारक पेशींच्या) प्रयोगात म्हणूनच व्ही-तीन आणि साधा ईजीएफआर, दोघांवर एकदम नेम धरला होता. साधा ईजीएफआर त्वचेवरही असतो, त्यामुळे पेशी शिरेतून न देता थेट मेंदूतल्या पोकळीत सोडल्या. गाठी काही दिवसांतच आक्रसल्या. दोघांत मात्र तो परिणाम टिकला नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच पेशंट ऑपरेशनला मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीला जातात, आणि जनुकांची तपासणी आणखी तिसरीकडे होते. नमुना याच प्रवासात बिघडतो. ताजा तुकडा पडताक्षणी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात गेला पाहिजे. बाटलीतलं जुनं फॉर्मलिन नळाचं पाणी घालून पातळ केलेलं असलं तर त्यात फॉर्मिक आम्ल तयार झालेलं असतं, आणि ते डीएनएचे तुकडे करतं. सहा तासांपेक्षा कमी मुरलं तर मधला भाग कच्चा राहतो. तीन दिवसांपलीकडे गेलं तर तपासणी अवघड होते. एकदा मेणाचा ब्लॉक तयार झाला की तो कुरिअरनं किंवा रातराणीनं निघालेल्या चाकरमान्याबरोबर पाठवायला हरकत नाही. फक्त मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या काचेखाली ठेवू नये. हे मेण ५६ ते ५८ अंशांना वितळतं. पावसाळ्यात घरी ठेवायचा तर घट्ट झाकणाच्या डब्यात, किडामुंगी लागणार नाही असा.

रिपोर्ट वाचताना तीन गोष्टींची गल्लत होते. रंग देऊन केलेली इम्युनो तपासणी प्रथिन आहे एवढंच सांगते. रिसेप्टर चालू आहे की नाही ते सांगत नाही. फिश तपासणीत, म्हणजे जनुकाला चमकता ठिपका लावून मोजणाऱ्या तपासणीत, ईजीएफआरचे ठिपके आणि सातव्या गुणसूत्राच्या मध्याचे ठिपके यांचं गुणोत्तर बघतात. दोन्ही सारखेच वाढलेले असतील तर सातवं गुणसूत्रच जास्त आहे, ती ॲम्प्लिफिकेशन नव्हे. आणि व्ही-तीन शोधायला आरएनएवरची तपासणी जास्त भरवशाची.

शिवाय २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार, प्रौढ माणसाच्या, आयडीएच हे जनुक न बदललेल्या, पसरत जाणाऱ्या ॲस्ट्रोसायटिक (मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींसारख्या) गाठीत ईजीएफआर ॲम्प्लिफाइड निघाला तर सूक्ष्मदर्शकाखाली ती कितीही सौम्य दिसो, ती ग्रेड ४ ग्लायोब्लास्टोमा. आधीच्या रिपोर्टात ग्रेड २ आणि नंतरच्यात ग्रेड ४ दिसला की लॅबनं घोळ घातला असं समजू नये. उपचाराची पहिली पायरी यानं फारशी बदलत नाही: जमेल तेवढी गाठ काढणं, मग बहुधा ३० सत्रांत ६० ग्रे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध. टेमोझोलोमाइड कितपत लागू पडेल याचा अंदाज ईजीएफआरवरून येत नाही, एमजीएमटी या जनुकावरून येतो. रिपोर्टात ती ओळ आहे का ते आधी बघावं.

गाठ परत आली आणि ईजीएफआरवरच्या एखाद्या चाचणीत नाव घालायचं ठरलं, तर पहिल्या ऑपरेशनच्या ब्लॉकवर विसंबू नका. शक्य असेल तर नवा नमुना मागा. जुन्या ब्लॉकातला व्ही-तीन आताच्या गाठीत असेलच असं नाही.